व्हिडिओ कुठे थांबवायचा ते आधी ठरवा

वर्गात व्हिडिओ लावला की माझं बोट प्लेपेक्षा पॉजच्या बटणावर जास्त असतं. चार मिनिटांच्या क्लिपला माझ्या तासातली पंचवीस मिनिटं सहज लागतात. लागत नसतील, तर ती क्लिप वर्गात दाखवायची गरजच नव्हती. लिंक पाठवून काम भागलं असतं. मी पदवीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढची उदाहरणं त्याच विषयातली आहेत. इतिहासाच्या तासाला जुनं वृत्तचित्र लावणाऱ्यांना किंवा शस्त्रक्रियेचं चित्रीकरण दाखवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं वापरता येईल.

पडदा उजळला की वर्ग बदलतो. दिवे मालवले जातात, वह्या मिटतात, पाठी बाकाला टेकतात. यात मुलांचा दोष नाही. पडद्यासमोर बसलं की फक्त बघायचं, हे आपल्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडलंय. तेव्हा आधी एवढं करा: सगळे दिवे घालवू नका, पडद्याजवळचा तेवढा बंद करा. मुलांना लिहायला उजेड हवा आणि तुम्हाला त्यांचे चेहरे दिसायला हवेत. व्हिडिओ चालू असताना मी पडद्याकडे पाठ करून वर्गाकडे बघत उभी राहते. क्लिप माझी पाहून झालेली असते, वर्ग पाहून झालेला नसतो.

व्हिडिओ लागतोच का?

जे टेबलावर करून दाखवता येतं, त्याचा व्हिडिओ लावू नये. लंबक, भिंग, चुंबक आणि तारेचं वेटोळं यांचं चित्रीकरण दाखवणं म्हणजे आळस. प्रत्यक्ष प्रयोग कधी फसतो, पण फसलेल्या प्रयोगावर वर्ग जितका बोलतो तितका सुबक चित्रीकरणावर कधीच बोलत नाही. समीकरणाची मांडणीही फळ्यावरच करावी. खडूचा वेग आणि मुलांच्या पेनाचा वेग साधारण सारखा असतो. पडद्यावरची मांडणी त्यांना मागे टाकून निघून जाते.

व्हिडिओ हवा तो उघड्या डोळ्यांना जे जमत नाही त्यासाठी: फार वेगवान, फार संथ, फार दूरचं, फार धोक्याचं, किंवा एकदाच घडून गेलेलं. संथ म्हणजे किती? क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली सुरू झालेल्या प्रयोगात पिच नावाचा डांबरासारखा पदार्थ नरसाळ्यात ठेवला आहे. हातोडी मारली तर तो काचेसारखा फुटतो, आणि तरी नरसाळ्यातून थेंब होऊन गळतो. एका थेंबाला सात ते तेरा वर्षं लागतात. २००० साली आठवा थेंब पडला तेव्हा त्याच्यावर रोखलेला कॅमेरा नेमका बंद पडला होता. शेवटी २०१३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या तशाच प्रयोगात थेंब तुटतानाचं चित्रण मिळालं. स्थायू आणि द्रव यांच्या व्याख्या घोकून आलेल्या वर्गासाठी काही सेकंदांची ती क्लिप पुरते.

दूरचं उदाहरण चंद्रावरचं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडलं. ही क्लिप ‘बघा, दोन्ही एकाच वेळी पडले’ एवढंच सांगायला लावली तर वाया गेली. ते वाक्य पुस्तकात आहेच. त्यापेक्षा वर्गाला मोजायला लावा. हातोडा सुटतो ती फ्रेम शोधा, टेकतो ती शोधा, मधल्या फ्रेम मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असलेल्या प्रतीत ४०-४२ फ्रेम येतात, म्हणजे वेळ साधारण १.४ सेकंद. उंची अंदाजे १.६ मीटर धरली की चंद्रावरचं गुरुत्वत्वरण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास निघतं, तेही पन्नासेक वर्षांपूर्वीच्या धूसर चित्रातून. यासाठी दोनच गोष्टी माहीत हव्यात: यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की तो एकेक फ्रेम मागे-पुढे सरकतो, आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जातो.

क्लिप निवडताना माझी एक चाचणी असते. आवाज बंद करून बघायची. तरीही बघण्यासारखं काही उरत असेल तर ती वर्गात लावायची. सगळा मजकूर निवेदकाच्या बोलण्यात असेल, तर ते दुसऱ्या कोणाचं तरी व्याख्यान आहे; मग आपण वर्गात कशाला उभं राहायचं? चांगल्या क्लिपाही मी बहुतेक वेळा मुक्याच लावते. निवेदक फार लवकर उत्तर देतो. आणि पार्श्वसंगीताबद्दल तर बोलायलाच नको, तंतुवाद्यांचा आवाज चढला की मुलांना काय वाटून घ्यायचं ते आधीच कळतं.

एक क्लिप, जवळजवळ अख्खा तास

आता एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण थांबे कसे ठरवायचे ते त्यातूनच कळेल. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याचं चित्रण जगभरच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत दाखवलं जातं, आणि बहुतेक ठिकाणी ते सलग दाखवून ‘हा अनुनाद’, म्हणजे तालात बसलेल्या धक्क्यांनी हेलकावे वाढत गेले, असं म्हणून विषय संपवतात.

मी पूल पिळवटायला लागल्यावरचे दहा सेकंद दाखवते आणि थांबते. ‘पुलाच्या एका टोकाशी उभं राहून समोर बघताय असं समजा. रस्ता कसा हलताना दिसेल? चित्र काढा.’ वर्गात फिरलं की दिसतं, पुष्कळांनी सगळा रस्ता वर-खाली जाताना काढलेला असतो. सगळ्यांनी तेच दहा सेकंद पाहिलेले असतात. मी काहीच सांगत नाही, पुन्हा तेच लावते. आता एक कड वर जाताना दुसरी खाली जाते हे त्यांना दिसतं आणि खोडरबरं निघतात.

दुसरा थांबा पुलावर चालणाऱ्या माणसाचा. ते वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक फारक्वार्सन. पुलाचा अभ्यास त्यांच्याकडेच होता. पूल इतका हेलकावतोय आणि ते रस्त्याच्या मधल्या रेषेवरून चालतायत. का? शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला, मग हात वर. पीळ ज्या रेषेभोवती पडतोय ती रेषा जवळजवळ स्थिर आहे, हे उत्तर कोणीतरी देतंच. ते मुलांकडून आलं की निस्पंद रेषा समजावण्यात माझी फळाभर आकृती वाचते.

तिसऱ्या थांब्याला मोबाइल बाहेर काढायला सांगते, स्टॉपवॉचसाठी. पाच आवर्तनांचा वेळ मोजा, पाचने भागा. मी दोन प्रती वापरते आणि दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत. एकीत एका आवर्तनाला सुमारे ५ सेकंद, दुसरीत ३.३च्या जवळपास. वर्ग आधी एकमेकांच्या मोजण्यावर घसरतो. मग सांगायचं, की मूळ फिल्म सेकंदाला १६ फ्रेमने घेतलेली होती. पुढे ती २४ फ्रेमने चालवल्यामुळे इंटरनेटवर फिरणाऱ्या अनेक प्रतींत पूल खऱ्यापेक्षा दीडपट वेगाने हलतो. त्या दिवशी प्रत्यक्ष नोंदवलेला आकडा मिनिटाला १२ आवर्तनांचा आहे, म्हणजे ५ सेकंदच. यानंतर कोणत्याही व्हिडिओवरून काही मोजण्याआधी ही मुलं फ्रेमचा वेग विचारतात, न सांगता.

चौथा थांबा अनुनादाचा. वाऱ्याने तालात धक्के दिले का? १९९१ मध्ये बिल्ला आणि स्कॅनलन या संशोधकांनी पाठ्यपुस्तकांतल्या या स्पष्टीकरणावर लेख लिहिला. पुलामागे सुटणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांची वारंवारता सेकंदाला एकाच्या जवळपास निघते आणि पूल पिळवटत होता पाच सेकंदांत एकदा. ताल जुळत नाही. रस्ता वळला की हवेचा प्रवाह बदलायचा, बदललेला प्रवाह त्याला आणखी वळवायचा. म्हणजे पुलाची हालचालच वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेत होती. याला फ्लटर म्हणतात. इथे मी व्हिडिओ सोडून फळ्याकडे जाते आणि दहा-बारा मिनिटं तिथेच रमते.

शेवटचा थांबा कोसळण्याच्या क्षणाआधी: आधी काय तुटेल? मनोरे, तारदोर की मधला रस्ता? लिहा. मग शेवटपर्यंत सलग, न बोलता. मधला भाग पाण्यात गेल्यावर बाजूचे भाग का झुकले, हा प्रश्न गृहपाठाला.

थांबे ऐनवेळी सुचत नाहीत. मी आदल्या दिवशी क्लिप बघताना मिनिट-सेकंद आणि प्रश्न एका कागदावर लिहून ठेवते आणि तो कागद हातात घेऊनच उभी राहते. प्रश्न असा हवा की पुढचे काही सेकंद बघितल्यावर त्याचं उत्तर पडद्यावर दिसेल. ‘यावरून तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न नव्हे. तो विचारला की वर्ग तुमच्याकडे बघतो, पडद्याकडे नाही.

प्रश्नाचा एक धोकाही आहे. सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९च्या प्रयोगात लोकांना चेंडूचे पास मोजायला सांगितलं, आणि गोरिलाचा पोशाख घातलेलं माणूस पडद्याच्या मधून चालत गेलं तरी जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. एका गोष्टीवर नजर लावली की बाकीच्या सुटतात. म्हणून वर्ग वाटून घ्या: खिडकीकडच्या रांगांनी रस्त्याची कड बघायची, भिंतीकडच्यांनी तारदोर. नंतर एकमेकांना सांगायचं. तीच क्लिप, दोन वेगळ्या साक्षी.

अंदाज वहीतच लिहून घ्या

तोंडी अंदाज घेतला तर दोन मुलं बोलतात आणि बाकीच्यांनी नंतर ‘मला माहीत होतं’ म्हटलं तरी कोणी पकडू शकत नाही. वहीत लिहिलेलं पकडतं. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांच्या गटाने वर्गातल्या प्रयोगांवर हेच तपासलं आणि २००४ मध्ये छापलं: प्रयोग नुसता बघितलेल्या विद्यार्थ्यांना त्यामागचं कारण प्रयोग न बघितलेल्यांपेक्षा फारसं जास्त समजलेलं नव्हतं, आधी अंदाज नोंदवलेल्यांना समजलेलं होतं. त्यासाठी वर्गाची जास्तीची वेळ गेली फक्त दोनेक मिनिटं. ते प्रयोग समोर घडत होते, पडद्यावर नव्हते. पण बघणाऱ्याच्या डोक्यात जे होतं ते पडद्यासमोरही तसंच होतं, असं मला वाटतं.

व्हिडिओबाबत थेट काम डेरेक मुलर यांचं आहे, सिडनी विद्यापीठातलं, २००८ चं. नीटनेटकं, स्वच्छ स्पष्टीकरण असलेला व्हिडिओ बघून विद्यार्थी म्हणाले की छान समजलं. चाचणीतले गुण मात्र जवळपास हलले नाहीत. ज्या व्हिडिओत नेहमीच्या चुकीच्या समजुती आधी मांडून मग त्यांवर वाद घातला होता, तो विद्यार्थ्यांना गोंधळाचा वाटला आणि गुण मात्र त्यानेच वाढवले. म्हणून ‘मॅडम, आजचा व्हिडिओ एकदम क्लिअर होता’ असं कोणी म्हटलं की मी लगेच एक प्रश्न टाकते.

स्वतःचा व्हिडिओ करताना

तासाआधी घरी बघायला स्वतःचा व्हिडिओ देणार असाल तर आधी माइक घ्या. चित्र थोडं फिकं असलं तरी मुलं बघतात, आवाज घुमला की बंद करतात. शर्टाला लावायचा साधा माइक, पडदे लावलेली खोली, पंखा बंद. एवढ्याने नव्वद टक्के काम होतं. स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे.

लांबीबद्दल सहा मिनिटांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो २०१४ च्या एका अभ्यासातला आहे: एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख सत्रं तपासल्यावर दिसलं, की व्हिडिओ कितीही मोठा असला तरी मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) प्रेक्षक सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही. पण तो फुकट नोंदणी केलेल्या, कधीही सोडून जाऊ शकणाऱ्या लोकांचा आकडा आहे, आणि त्यात किती वेळ पाहिलं ते मोजलंय, किती शिकलं ते नाही. तुमच्या वर्गातलं मूल परीक्षेच्या आदल्या रात्री चाळीस मिनिटंही बघतं. त्यामुळे मी घड्याळाकडे बघून व्हिडिओ कापत नाही, प्रश्न संपला की कापते. एका व्हिडिओत एकच प्रश्न. तो बहुधा सात-आठ मिनिटांत संपतो, कधी बारा लागतात.

त्याच अभ्यासात हाताने लिहीत, रेखाटत समजावलेले व्हिडिओ स्लाइडच्या व्हिडिओंपेक्षा जास्त वेळ पाहिले गेले होते. ते मला पटतं. वरून मोबाइल रोखून कागदावर पेनाने लिहा. चुकलं तर खोडा, खोडलेलं राहू द्या. स्लाइड वापरायचीच असेल तर बोलायचं तेच वाक्य तिच्यावर लिहू नका. आकृती, तिच्यावर लिहिलेला मजकूर आणि तोच मजकूर वाचणारा आवाज हे तिन्ही एकदम आले की शिकणं घटतं, हे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसलेलं आहे. आकृती दाखवा आणि बोला. शब्द हवेच असतील तर दोन-तीन, बाणाच्या टोकाशी.

संहिता पूर्ण लिहून वाचणारे लोक असतात. वाचलेलं लगेच कळतं. मी चिठ्ठीवर पाच-सहा मुद्दे लिहिते आणि समोरच्या खुर्चीत कोणीतरी बसलंय असं धरून बोलते.

मध्ये प्रश्न पेरा. २०१३ मध्ये स्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं चित्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं; प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिलेल्यांचं मन निम्म्याहून कमी भटकलं, टिपणं कितीतरी जास्त निघाली आणि शेवटच्या परीक्षेत ते पुढे राहिले. एचफाइव्हपीसारख्या साधनाने व्हिडिओच्या आतच प्रश्न बसवता येतो. तेवढी खटपट नको असेल तर स्वतःच तोंडी म्हणा, ‘इथे थांबवा, वहीत लिहा, मग पुढे चला.’ सगळे थांबवत नाहीत. जे थांबवतात त्यांच्यासाठी म्हणा.

आणि मग तासाला आल्यावर व्हिडिओत सांगितलेलं पुन्हा सांगू नका. हे पथ्य सगळ्यात अवघड. तीन मुलं न बघता आली की आपल्याला राहवत नाही, आपण दहा मिनिटांचा सारांश देतो, आणि पुढच्या वेळी तीसजण न बघता येतात. मी दारातून आत येते आणि फळ्यावर एक प्रश्न लिहिते, व्हिडिओ बघितल्याशिवाय सुटणार नाही असा. पाच मिनिटं, वहीत. ज्यांनी बघितलं नाही ते मागे बसून मोबाइलवर बघू शकतात, इयरफोन लावून.

सबटायटल द्याच. ऐकू न येणाऱ्यांसाठी ती आवश्यक आहेत, आणि बसमध्ये आवाज बंद करून बघणारेही कमी नसतात. आपोआप तयार झालेली सबटायटल मात्र पारिभाषिक शब्दांवर हटकून घसरतात, तेवढे शब्द हाताने दुरुस्त करा. वर्गातल्या क्लिपची प्रत, हक्क परवानगी देत असतील तर, पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. नाहीतर ऐन तासाला गोल चक्र फिरतं किंवा मधेच जाहिरात येते, आणि पुलाच्या जागी शाम्पू.

मुलांच्या हातात कॅमेरा

दुसऱ्या वर्षाला मी व्हिडिओ दाखवायचे कमी करते आणि काढायला लावते. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण होतं. चेंडू वर फेका, चित्रण करा, ट्रॅकर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, प्रत्येक फ्रेममध्ये चेंडूवर क्लिक करा. स्थान-काळाचा आलेख समोर. मोबाइल स्टँडवर हवा, हातात नको. मोजपट्टी चेंडू ज्या प्रतलात हलतोय त्याच प्रतलात ठेवायची. ती मागच्या भिंतीला टेकवली तर दूर असल्यामुळे लहान दिसते, सगळी अंतरं फुगतात आणि गुरुत्वत्वरण ११च्या वर जातं. हे मी आधी सांगत नाही. एखादा गट ११.३ घेऊन येतोच आणि मग आकड्याऐवजी चित्रण पुन्हा बघायला बसतो.

अहवालात तीन स्थिर फ्रेम चिकटवायच्या आणि प्रत्येकीखाली लिहायचं, व्हिडिओ इथेच का थांबवला. दहापैकी चार गुण त्या तीन ओळींना असतात. ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’ असं विचारणाऱ्यांना मी हो म्हणून सांगते.